वाळलेलं पाणकणीस

"जमादारसाहेब, लवकर या. विहिरीत कुणी तरी विष टाकलं!"

फोन डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरून होता, शिलाचा. जमादार उकंडराव पोचले तेव्हा विहिरीत मेलेले मासे तरंगत होते आणि रामकिशनला बाभळीला बांधलेलं होतं. तो शेजारचा शेतकरी. विहिरीवरून जुनं भांडण, घरात फवारणीचं औषध. आरोपी ठरवून झाला होता, पोलीस नुसते न्यायला बोलावले होते.

उकंडरावांनी पाणी हुंगलं. औषधाचा वास नव्हता. कडेच्या दगडांवर मात्र पांढरा थर होता.

"पाणी कवा बिघडलं?"

"आत्ता आत्ता. त्याच्या आधी महिनाभर लई नितळ होतं," शिला म्हणाली. "लेकराची उलटी बी थांबली होती."

ते वरच्या वाफ्याकडे गेले. बंद खाणीतलं तांबडं, आंबट पाणी चुनखडीवरून आणि मग पाणकणसाच्या, म्हणजे पाणथळीतल्या उंच गवताच्या, मुळांतून गाळून खाली विहिरीकडे सोडायचं, म्हणून तो बांधला होता. त्यासाठी तांड्याचे नाईक भीमसिंग यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आता पाणकणीस वाळलं होतं. पांढरे खडे तेवढे स्वच्छ चकाकत होते.

उकंडरावांनी लिंबू मागवलं, एका खड्यावर पिळलं. काहीच झालं नाही.

"नाईक, बोटांना काय झालं?"

"भाजलं." भीमसिंगनी चिंध्या बांधलेले हात मागे घेतले.

"रामकिशनला सोडा," उकंडराव म्हणाले. "चुनखडीवर लिंबू पिळलं की फेस येतो. ह्या गारगोट्या हायेत, ह्यांनी आंबट पाणी सुधरत न्हाई. विहिरीच्या दगडांवर चुना, नाईकांची बोटं चुन्यानं भाजलेली. इथली चुनखडी काढून तिच्या जागी गारगोट्या भरल्या, अन् ती भट्टीत भाजून विहिरीत तुमीच टाकली."

भीमसिंगनी हातांवरच्या चिंध्या सोडल्या.

"वाफ्याचं पाणी पुरतं निवळत न्हवतं, साहेब. लेकरं ओकून राहिली होती. चुना टाकला की बरं वाटायचं. म्हटलं, बाकीचं पाणकणीस बघंल."

"मग चुनखडी संपली, अन् खाणीचं आंबट पाणी तसंच विहिरीत आलं."

"व्हय."

"रामकिशनला बांधलं तवा बोलले काहून न्हाई?"

"तांड्यानं मग कुणाच्या तोंडाकडं पाहिलं असतं?"

खाली विहिरीपाशी सुटलेला रामकिशन मनगटं चोळत, कुणाकडेही न बघता निघून गेला.

"नवी चुनखडी टाकली तर?" शिलाने विचारलं.

"मुळं मेली, पोरी. वाफा बांधून देणारे सरकारी लोक बी गेले. मी टँकरचं बोलतो."

"टँकर येईस्तोवर?"

उकंडरावांनी हातातलं पिळलेलं लिंबू खाली टाकलं. त्यांना स्वतःच्या हुशारीची लाज वाटली.

शिलाचं लेकरू पाण्यासाठी रडत होतं. तिने विहिरीवर जाऊन बादलीने मेलेले मासे बाजूला सारले आणि घागर भरून घेतली.