अमानतीचं चिरूट

आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही, दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही आणि सुपारीचं खांडही कुणी तोंडात टाकत नाही. तरीही कारंज्यात आमच्याच घरी, बाबूजींच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात, देवदाराच्या पेटीत एक चिरूट मुरत पडलं होतं. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी पेटीकडे आणि मग माझ्याकडे बघायचा. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे बहुतेकांना तो माझाच काहीतरी उद्योग वाटायचा.

चिरूट धनजच्या गोविंदसिंगकाकांचं होतं. काका फौजेत होते. शेवटची काही वर्षं तमिळनाडूत गेली, तिथे त्यांना चिरुटाचा नाद लागला. निवृत्त होऊन धनजला संत्र्याची बाग करू लागले तरी तिकडचा एक दोस्त दर हिवाळ्यात पार्सल पाठवायचा. काकींनी घरात धूर नको म्हणून बजावलेलं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल लागला की चिरूट हातात करकरायचं आणि ओढलं की घसा सोलून निघायचा. शेवटी एका रविवारी काका पेटी काखेत मारून एसटीने आले आणि ती बाबूजींच्या दुकानाच्या गल्ल्यावर ठेवली. म्हणाले, "देवेंद्र, तुह्या घरी कोनी चोरून ओढनार नाई. तूच ठेव."

माझे वडील देवेंद्रकुमार यांनी आयुष्यात काडी ओढली ती फक्त चूल पेटवायला. पण अमानत म्हटली की ते वेगळेच होत. पेटीत एका कोपऱ्यात चिनी मातीची वाटी, वाटीत पाणी, वर जाळीचं झाकण. एवढ्या ओलाव्यावर चिरूट मऊ राहतं, जास्त झाला की बुरशी धरते. बाबूजी रोज पूजेनंतर झाकण उचलून बोटाने एकेक चिरूट हलकेच दाबून बघायचे. महिन्यातून एकदा खालची वर आणि वरची खाली. जुनं आधी, नवं मागाहून. दुकानातल्या मालाचीही त्यांनी एवढी उस्तवार केली नसेल.

रविवारी दुपार कलली की काका यायचे. मागच्या ओसरीत दोघं बसायचे. काका ओढायचे कमी आणि चावायचे जास्त. अर्धं झालं की विझू द्यायचे, उरलेलं पेटीतल्या वेगळ्या कप्प्यात. "हे पुढच्या रविवारचं," असं म्हणून झाकण लावायचे. त्या अर्ध्याच्या टोकावर त्यांच्या दातांची खूण उमटलेली असायची. पुढच्या दोन दातांत फट होती, तीही दिसायची. आणि न चुकता ते बाबूजींना एक झुरका घ्यायचा आग्रह करायचे. बाबूजींचं उत्तरही ठरलेलं. "पुढच्या जन्मी घेईन. अन तेबी तुहं उष्टं नाई."

मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या धुराला गूळ, ओलं लाकूड आणि पावसाळ्यातली कडब्याची गंजी यांचा मिळून वास यायचा. आजही कुठे तसा वास आला तर मी थांबतो. त्या ओसरीइतकं सुखाचं ठिकाण मला पुढे कुठे सापडलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्या बोअरचं पाणी खारट, त्याने वाटीला पांढरा थर धरायचा. म्हणून काका आपल्या बागेतल्या विहिरीचं गोड पाणी कॅनमध्ये आणायचे. आमच्याकडे पाणी कापडातून गाळल्याशिवाय वापरत नाहीत. गाळून झालं की ते कापड उलटं धरून थोड्या गाळलेल्या पाण्याने धुवायचं. त्या धुवणात पाण्यातले बारीक जीव असतात, त्याला जिवाणी म्हणतात. ती ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. तीही वरून फेकायची नाही, जिवांना मार लागतो. भांडं दोरीने पाण्यापर्यंत उतरवायचं आणि तिथे हळूच कलतं करायचं. बाबूजी ही जिवाणी एका लहान कॅनमध्ये भरून काकांजवळ द्यायचे. काका हसत हसत ती बसमधून धनजला न्यायचे. "तुहे पावणे पोचवून देतो बाप्पा," म्हणायचे. आणि खरंच दोरी लावून सोडायचे.

शेवटच्या रविवारी नवं पार्सल संपत आलं होतं. मागचं अर्धंही ओढून संपलं, एकच अख्खं चिरूट उरलं. ते काकांनी नाकाशी धरलं आणि परत ठेवलं. म्हणाले, "याले पिकू दे. हे घाईनं ओढाचं नाई." त्याच आठवड्यात बागेत पाणी धरताना ते बसल्या जागी गेले.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दुकान गेलं, आई गेली. बाबूजी पंच्याऐंशीच्या पुढे गेले आणि एकेक वस्तू सोडत चालले. आधी तूप, मग साखर, मग मीठ. घड्याळ नातवाला दिलं. शेवटी तोंडात एकही दात नसताना कवळीसुद्धा "हे बी सामानच हाय" म्हणून काढून ठेवली आणि तेव्हापासून पातळ पेजेवर राहिले. त्यांना जायचं होतं ते हातात कुणाचं काही न ठेवता. तेवढी एकच इच्छा उरली होती, आणि तिच्या आड ती पेटी येत होती. काकांचा मुलगा प्रेमसिंग म्हणाला, आमच्याकडे कुणी ओढत नाही, फेकून द्या. मीही एकदा तेच म्हणालो. बाबूजी उठले आणि वाटीत पाणी घालून आले.

मागच्या वर्षी त्यांचे हात कापू लागले तसं पेटीचं काम माझ्याकडे आलं. मी माझ्या पद्धतीने केलं. ओलावा मोजणारं एक छोटं यंत्र आणून पेटीत ठेवलं. ते मोबाइलवर आलेख काढतं. आलेख आठवडाभर सरळ जायचा. रविवारी सूर्य कलला की एकदम खाली यायचा, कुणी झाकण उघडल्यावर येतो तसा, आणि थोड्या वेळाने पुन्हा जागेवर.

मी झाकणाला चिकटपट्टी लावली. रविवारी पट्टी जशीच्या तशी आणि आलेख खाली. यंत्र बदललं. तरी तेच.

मग एका रविवारी पेटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवली. तिथे आलेख हलला नाही. मी खुशीत घरी आलो. टीना, माझी बायको, दारातच उभी होती. म्हणाली की बाबूजी दुपारपासून ओसरीत बसलेत, आत यायला तयार नाहीत, कुणाची तरी वाट बघताहेत. मी जवळ गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "पेटी कायले नेली रे? तो येऊन बसला, अन मी काय देऊ त्याले?"

मी पेटी परत आणली आणि पुन्हा प्रयोग केला नाही. पुढच्या रविवारी टीनाने बाबूजींच्या खोलीचे पडदे धुवायला काढले आणि एक पडदा माझ्या नाकाशी धरला. गूळ आणि ओलं लाकूड. 

त्यानंतर काही दिवसांनी बाबूजींनी मला जवळ बसवून घेतलं. शेवटच्या रविवारी त्यांच्या हातून एक चूक झाली होती, ती सांगितली. बोलण्याच्या नादात काका जिवाणीचा कॅन न्यायला विसरले. बाबूजींना वाटलं, पुढच्या रविवारी येतोच आहे. कॅन तसाच ठेवला तर जीव गुदमरतील म्हणून त्यांनी ती जिवाणी तात्पुरती पेटीतल्या वाटीत ओतली. काका आलेच नाहीत. मग वाटी रिकामी करायचा त्यांना धीर झाला नाही. कमी होईल तेवढं पाणी वर घालत राहिले.

"त्याच्या हिरीचे जीव मी इतके वर्ष डांबून ठेवले," ते म्हणाले. "त्याच्यानंच तो येऊन राह्यला. तू ते पाणी अन ते चिरूट त्याच्या हिरीत सोडून ये. वरून फेकजो नोको. हळू सोडजो."

मी शिकलेला माणूस आहे. वाटीतल्या पाण्यात काय असतं ते मला माहीत आहे. पण बाबूजींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मी कधी बघितलं नव्हतं.

रविवारी मी पेटी स्कूटरवर पायाशी ठेवून धनजला गेलो. प्रेमसिंग बागेत होता. तो सोबत चालला. विहीर खोल, कडेने दगडी. आईची जिवाणीची कळशी मी आणली होती. तिच्या गळ्याला एक दोरी असते आणि बुडाच्या कडीला दुसरी बारीक. बुडाची ओढली की कळशी कलते. वाटीतलं पाणी कळशीत ओतलं. चिरूट उचललं. ते इतकं मऊ आणि जड होतं की मला ते हातातून सोडवेना. ते पाण्यात ठेवलं आणि कळशी उतरवू लागलो.

कळशी पाण्याला टेकली. दोरी सैल झाली.

मी बारीक दोरी ओढायच्या आधीच ती ताणली गेली. झटका नव्हता. समोरच्याने हातातली वस्तू घ्यावी, तेवढीच ओढ.

मग वास आला. प्रेमसिंग दोन पावलं मागे सरला.

"तुमी पेटवून सोडलं का?" त्याने विचारलं.

मी कळशी वर ओढली. आत थेंबभर पाणी नव्हतं. तळाला बोटभर लांबीची राख होती, न मोडलेली. मी बोट लावलं. ती कोमट होती.

घरी आलो तेव्हा बाबूजी ओसरीत होते. मी राखेचं काही बोललो नव्हतो. रिकामी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"उघड," ते म्हणाले.

मी झाकण उचललं. वेगळ्या कप्प्यात अर्धं चिरूट होतं. टोकावर दातांची खूण आणि मध्ये फट.

 मी तिथेच पायरीवर बसलो. म्हाताऱ्याला मोकळं करायला गेलो आणि गुंता वाढवून आलो, असं वाटून मला रडू आलं. बाबूजी मात्र हसत होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"येडा हायेस. त्याचं त्याले पोचलं. हे त्यानं माह्यासाठी ठेवलं."

त्या आठवड्यात त्यांनी पेजही सोडली. कशाचा त्रास नव्हता. पुढच्या रविवारी दुपार कलताना त्यांनी ओसरीत खाट टाकायला लावली, पेटी उशाशी ठेवून घेतली आणि आम्हाला आत जायला सांगितलं. दिवे लागायच्या आधी टीना पाणी विचारायला गेली तेव्हा ते गेलेले होते. चेहऱ्यावर वाईट वाटावं असं काही नव्हतं.

सगळं उरकल्यावर पेटी आवरायला मी एकटाच बसलो. वाटी कोरडी होती. अर्ध्याच्या जागी आता जेमतेम थोटूक उरलं होतं. काकांच्या दातांची खूण असलेला तुकडा नखाने नीट खुडून बाजूला ठेवलेला होता, उष्टं काढून ठेवतात तसा.

मी थोटूक उजेडात धरलं. खुडलेल्या बाजूच्या नव्या टोकावर दाताची एकही खूण नव्हती. ते नुसतं ओलं होतं.