इस्पितळातला भात

दिवा राहू दे, पोरांनो. सांगतो ते माझ्या शेजारच्या धर्मराजवर गुदरलेलं.

खांदेश्वरच्या पुढं, खाडीच्या अंगाला, वेड्यांचं एक खाजगी इस्पितळ होतं. धर्मराज तिथं वाढपी. चांगला तांदूळ मागच्या दारानं बाजारात जायचा, वेड्यांच्या ताटात पडायचा तो किडका, आंबूस. धर्मराजही त्यातला वाटा घरी न्यायचा. तिथं पुतळा नावाची एक बाई होती. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला वेडी ठरवून आणून टाकली. ती रोज ताट पुढं करून म्हणायची, "दादा, किडं हाईत यात."

एकदा धर्मराजनं चिडून हातातला भाताचा डाव तिच्या तोंडावर हाणला. त्याच पावसाळ्यात हगवणीनं बारा माणसं गेली. त्यात पोटुशी पुतळाही. एकोणऐंशीला इस्पितळ बंद पडलं.

चौऱ्याऐंशी सालचा मे. अकरा तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी त्याच्या लेकीची, गोजराची हळद. भाताला मोठा टोप हवा होता. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एक बेवारस पडलाय हे त्याला ठाऊक. लोकांची नजर चुकवून, रात्री साडेनऊला तो बॅटरी घेऊन गेला.

टोप जागेवरच होता. वर झाकण. उचलायला गेला, तर जड.

आणि कोमट.

झाकण सरकवलं. भात. वाफाळणारा... वळवळणारा.

वास थेट घशात उतरला. मागं कुठंतरी ताट सरकलं. मग दुसरं. मग ओळीनं सगळी...

"दादा..."

तो वळला नाही.

"...आज तू जेव."

हात टोपात गेला. त्यानं घातला नव्हता. गेला. पहिला घास. दाताखाली काहीतरी मऊ फुटलं. गिळलं. दुसरा... तिसरा...

बारा घास.

मग ताटं थांबली.

पहाटे तो अंगणात ओकत होता. मीच पाणी दिलं. "सितारामदादा, मी मारली रं ती मानसं," हेच घोकत होता; रात्रीचं सगळं त्यानं तेव्हाच सांगितलं. संध्याकाळी हळदीच्या मांडवातही सगळ्यांदेखत तेच बोलला. लग्न झालं, पण गोजरानं पुन्हा बापाच्या हातचं पाणी घेतलं नाही. तो मरेपर्यंत भाताला शिवला नाही.

हळदीच्या त्या सकाळीच मी आणि आळीतला हिरामण इस्पितळात जाऊन आलो होतो. टोप कोरडा, आत कोळ्याचं जाळं. पण भिंतीवर, बसल्या माणसाचा हात पोचेल तिथं, पेजेनं माखलेली बोटं पुसलेली. ओळीनं. ओली.

बारा जणांची मोजली; शेवटची, तेरावी, तान्ह्या पोराची होती.

त्या इस्पितळात पोर कधी ठेवलंच नव्हतं...