दोराचं दुसरं टोक

चालायला जायची कल्पना डॉक्टरांची. घड्याळजींच्या छातीचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते, तब्येत सावरली होती. "चालत राहा, पण दमू नका," असं डॉक्टर म्हणाले आणि घड्याळजींच्या बायकोने किनाऱ्याची ही वाट शोधून काढली. सकाळी मच्छीमारांच्या एका गावातून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवून रमतगमत चालायचं आणि ऊन कलायच्या आत पुढच्या गावात मुक्काम करायचा. वाटेत चढ नाही, घाई नाही.

घाई फक्त तिला. जन्मभर शिवणाचं मशीन चालवलेले पाय, ते स्वस्थ कसे राहणार? घड्याळजींचं मात्र सगळं निवांत. लोकांची घड्याळं वेळेवर आणणारा हा माणूस स्वतः कुठेही वेळेवर पोचला नव्हता. कुणाच्याही ओट्यावर गप्पा रंगल्या की तिने यांना ओढून घरी आणायचं, हे लग्नापासून ठरलेलं. ऑपरेशनच्या वेळी मात्र दवाखान्याच्या बाकावर बसून ती म्हणाली होती, किती का उशीर लावेनात, परत येऊ देत.

तिसऱ्या मुक्कामाहून निघताना पुढे खाडीचं रुंद तोंड होतं. ओहोटीला तिथली वाळू उघडी पडे आणि लोक चालत पलीकडच्या गावात जात. ज्या घरी ते उतरले होते, तिथली बाई जाळी विणायची. तिने लांबलचक दोर आणून दोघांच्या कमरेला एकेक टोक बांधलं.

"धुकं कधी उतरेल सांगता येत नाही. धुक्यात हाक फसवते, दोर फसवत नाही. पुढच्याने एकदा ओढायचं, मागच्याने ओढून उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर दोर धरून मागे चालत जायचं. दोर ओढून घ्यायचा नाही."

"का हो?"

"आम्ही जाळी ओढतो ना, ताई. ओढलं की जे लागलं असेल ते येतं. निवडता येत नाही."

घड्याळजी हसले. "मग हिलाच पुढे बांधा. मला ओढायचा हिला चांगला सराव आहे."

वाळूच्या मध्यावर धुकं उतरलं. आधी पलीकडचं गाव गेलं, मग तिचे स्वतःचे पाय. ओल्या दोराचा आणि कुजलेल्या शेवाळाचा वास नाकात भरला. ती दोर ओढायची, मागून हिसका यायचा. घड्याळजींची शीळही ऐकू येत होती, नेहमीसारखी बेसूर, आणि तिला त्या बेसूरपणाचा फार आधार वाटत होता.

मग शीळ थांबली.

तिने दोर ओढला. उत्तर नाही. पुन्हा ओढला... काहीच नाही. पावलांना गार पाणी लागलं; भरती सुरू झाली होती. मागे जायला हवं होतं, तिला ते पक्कं आठवत होतं. पण मागे पाणीच वाढत होतं, जीव टांगणीला लागला होता, आणि हातांची सवय सुटत नाही. ती दोर ओढू लागली. जड, खूप जड... आणि एकाएकी हलका.

धुक्यातून ते आले. दोर हातात धरून.

"अहो, किती हा उशीर! मेले असते ना मी काळजीने!"

"आलो ना," ते म्हणाले.

त्यांचा हात गार पडला होता. पण पाऊल झपाझप पडत होतं, धाप नाही, थांबणं नाही. हवा मानवली यांना, असं तिच्या मनात आलं. मागे वाळूवरून काहीतरी सरपटल्यासारखं वाजत होतं. दोरच असेल, असं म्हणून तिने वळून पाहिलं नाही.

पलीकडच्या गावात किनाऱ्यालगतच खोली मिळाली. घरमालकीण चहा ठेवायला आत गेली. भिजलेला सदरा बदलायला हवा, म्हणून तिने त्यांची बटणं काढली.

डॉक्टरांच्या शिवणीला ती नेहमी नावं ठेवायची. "खालचा टाका वाकडा घातलाय. माझ्या हाताखालच्या मुलीला मी उसवायला लावला असता!" तो व्रण तिला डोळे मिटूनही सापडला असता.

छाती गुळगुळीत होती. तिने तळवा फिरवून पाहिला. कुठे एक टाका नव्हता.

तिने बटणं पुन्हा लावली, अगदी गळ्यापर्यंत. "थंडी बाधेल..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मग तिचं लक्ष खाली गेलं. समोर बसलेल्याच्या कमरेला गाठ नव्हती. तिच्या कमरेचा दोर जमिनीवरून, दाराच्या फटीतून बाहेर वाळूकडे गेला होता. इतका लांब तो नव्हताच.

दोराला हिसका बसला. हलकासा, एकदाच.

उत्तर होतं ते. नेहमीसारखं उशिरा आलेलं.

"अहो..." ती दाराकडे बघून ओरडली आणि तिने दोन्ही हातांनी दोर पकडला.

समोरच्याने तिच्या हातांवर आपला गार हात ठेवला. "राहू दे ना आता," तो अगदी हळू म्हणाला. "मी आलोय ना..."

बाहेर पाणी पायरीला लागल्याचा आवाज आला. दोराला पुन्हा हिसका बसला, या वेळी जरा जोरात.