केतकीचा लॅपटॉप अंतराळात का तापला?

खिडकीबाहेर, अंतराळस्थानकाच्या सावलीच्या बाजूला, हाडं गोठवणारी थंडी आणि आत केतकी धारपचा लॅपटॉप पोळी भाजावी इतका तापलेला! एवढ्या थंडीच्या शेजारी राहून यंत्राला ताप भरतो, याला काय म्हणावं? केतकीला हे कोडं सुटेना, आणि सोडवायला वेळही फारसा उरला नव्हता.

केतकी मूळची कोल्हापूरची. आईला स्थानकावर भाज्या वाढवण्याचं काम मिळालं म्हणून तीही वर आली. पण शाळेच्या आट्यापाट्यांच्या संघातली तिची जागा मैत्रिणींनी राखून ठेवली होती. खऱ्या मैदानावरचा नव्हे हं, लॅपटॉपवर खेळायचा खेळ. आठजणी कोल्हापुरात आणि नववी आभाळात. मागच्या सामन्यात लॅपटॉप तापला, चित्र अडकलं आणि केतकी आपल्या पाटीवर (अडवायच्या रेघेवर) खांबासारखी उभी राहिली. समोरच्या मुली तिच्या अंगावरून निघून गेल्या. हरल्यावर कप्तान रुक्साना मुजावर रागावली नाही. शेवटच्या सामन्यातही असंच झालं तर पुढच्या वर्षी दुसरी मुलगी घ्यावी लागेल, एवढंच शांतपणे म्हणाली. त्यापेक्षा तिचं रागावणं केतकीला परवडलं असतं.

तो शेवटचा सामना आज संध्याकाळी होता. म्हणून तिने गार पाण्याची पिशवी लॅपटॉपला बांधली. वरचं झाकण गारेगार झालं, खेळ मात्र तसाच रडतखडत चालला. तेवढ्यात मोघे आजोबा तरंगत आले. स्थानकातली उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा त्यांच्या ताब्यात होती. माणूस मोठा शास्त्रज्ञ, पण जीभ तिखट. पिशवी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. गार झाकणावर दव जमून पाणी आत गेलं, तर ताप उतरेल आणि लॅपटॉपही जाईल, असं त्यांनी सुनावलं.

मग त्यांनी हवेतली उष्णताही दाखवणारा खास कॅमेरा लॅपटॉपवर धरला. पडद्यावर लॅपटॉपभोवती लालभडक गोळा दिसला. तो हलायचं नावच घेत नव्हता.

"ही गरम हवा. कोल्हापुरात ती वर गेली असती. इथे का जात नाही?"

केतकीने जरा विचार केला. इथे वर-खाली काही नाहीच, ती म्हणाली. आजोबांनी मान डोलावली. गुरुत्वाकर्षण (पृथ्वीची ओढ) गार, जड हवेला खाली खेचतं, म्हणून गरम, हलकी हवा वर ढकलली जाते. इथे सगळंच तरंगतं, मग जड काय आणि हलकं काय! हवा आपणहून हलत नाही, पंख्यानेच हलवावी लागते. आणि बाहेर हवाच नाही, तेव्हा तिथली थंडी आत यायची कशी?

"पण लॅपटॉपचा पंखा तर फिरतोय," केतकी म्हणाली.

लॅपटॉप बंद करून त्यांनी मागचं झाकण उघडलं. चिपची (लॅपटॉपच्या मेंदूची) उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत येते आणि पंख्याची हवा ती तिथून उडवून नेते. जाळी पाहून दोघंही थबकले. ती लालेलाल झाली होती.

खंडेनवमीला आईने लॅपटॉपची पूजा केली होती. स्थानकावर सुटी पूड उधळायची नाही, म्हणून तिने कुंकू पाण्यात कालवून बोट टेकवलं होतं. तेवढी काळजी कोण घेतं! पण ते सुकलं, त्याचे कण सुटले, आणि खाली पडायला इथे खाली कुठलं? पंख्याने ते ओढून घेतले आणि त्यांच्यावर कपड्यांतून सुटलेले कापसाचे तंतू चिकटत गेले. हवेची वाट बंद झाल्यावर चिप जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करत होती. खेळ अडकत होता तो म्हणून.

"उष्णता कधी संपत नसते, बाळ," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "ती एका जागेहून दुसरीकडे जाते. आपण फक्त वाट मोकळी ठेवायची."

शोषनळीच्या ओढीने पंखा गरगरा फिरून मोडू नये म्हणून केतकीने तो बोटाने धरून ठेवला आणि त्या छोट्या नळीने जाळी साफ केली. लॅपटॉप भिंतीपासून थोडा दूर बांधला. पुन्हा कॅमेरा धरला तेव्हा लाल गोळा फुटून हवेत विरत होता. ही उष्णता पुढे कुठे जाते, असं तिने विचारलं. स्थानकाबाहेर पसरलेल्या पंखांसारख्या पत्र्यांमधून अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) होऊन ती अंतराळात जाते, आजोबांनी सांगितलं. त्या किरणांना जायला हवा लागत नाही.

संध्याकाळी सामना रंगला. केतकीचं चित्र एकदाही अडकलं नाही. तिने आपल्या पाटीवर चौघींना बाद केलं. तरीही संघ एका गुणाने हरला.

केतकीचे डोळे भरून आले. आता आपली जागा जाणार, असं तिला वाटलं. पडद्यावर घामाघूम रुक्साना दिसली.

"मागच्या वेळी आपण आठजणी हरलो होतो," ती म्हणाली. "आज नऊजणी हरलो. पुढच्या वर्षी कुठे असशील गं?"

आईचं काम तोवर चंद्रावर सुरू होणार होतं. तिथून हाक कोल्हापूरला पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो, हे केतकीला ठाऊक होतं. म्हणजे नवीनच कोडं.

"चंद्रावर," ती म्हणाली. "पण माझी पाटी कुणाला देऊ नका. उशिराचं काय करायचं, ते मी शोधते."