नसलेलं बटण

ही गोष्ट माझ्या ताईच्या बाबतीत घडली. मी तेव्हा तिथे नव्हते, पण कॉम्प्युटरवरची नोंद मी स्वतः पाहिली आहे, कागदावर छापूनही ठेवली आहे. कुणाला खरं वाटत नसेल तर वाद घालायची ताकद आता आम्हा दोघींतही उरलेली नाही.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. एका गुरुवारी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात हे घडलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

आई जाऊन सात महिने झाले होते. ती घरी बसून टायपिंग करायची. पेशंट तपासून झाल्यावर डॉक्टर जे भराभर बोलून ठेवतात, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. वीस वर्षं तिने तेच केलं. ती गेल्यावर तिची खुर्ची, तिचा कॉम्प्युटर आणि तिचं काम ताईकडे आलं.

आणि बाबाही.

पक्षाघाताने बाबांची उजवी बाजू गेली होती. आवाज इतका बारीक झाला होता की शेजारी बसूनही दोनदा विचारावं लागायचं. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती. उशांवरून घसरले तर त्यांचं त्यांना वर सरकता येणार नाही, घशात थुंकी अडकून श्वास कोंडेल. लगेच उठवून बसवायचं. म्हणून त्यांच्या डाव्या हाताशी एक चमचा असायचा. काही लागलं की ते तो पलंगाच्या दांडीवर वाजवायचे.

ताईच्या टेबलापासून त्यांचा पलंग नऊ पावलांवर. दोन्ही दारं सताड उघडी.

पण कानांवर हेडफोन.

पहिल्यांदा झालं तेव्हा ताईने लक्षच दिलं नाही. कुणी डॉक्टर कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलत होता आणि...

आवाज थांबला.

तिने कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं प्ले-पॉजचं बटण दाबलं. पुन्हा सुरू झालं. दोन वाक्यं झाली आणि पुन्हा थांबलं.

त्या शांततेत तिला चमचा ऐकू आला. बाबांना पाणी हवं होतं.

मग हे रोजचंच झालं. कधी पांघरूण खाली पडलेलं असायचं. कधी ऊन तोंडावर आलेलं असायचं. आणि कधी ती उठून गेली, तर बाबा नुसते टक्क जागे असायचे.

"काय हवंय, बाबा?"

"काही नाही गं. बस जरा."

"बाबा, कामं पडलीयेत. दोन फाइली उशिरा गेल्या, ऑफिसातून बोलणी खाल्लीत."

"जा मग." ते म्हणाले, "तुझी आई यायची मधून मधून. कानातलं बंद करून."

ताईने ऐकलं. पण ती इतकी दमलेली होती की कानावर पडलेलं आत पोचलंच नाही.

शेवटी तिने पेंग्विनला फोन लावला. हा ऑफिसातला कॉम्प्युटरवाला. भेटेल त्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स, ती पेंग्विनच्या चित्राची फुकटची प्रणाली, टाकून द्यायचा, म्हणून आईनेच त्याचं हे नाव पाडलं होतं.

"बोला ताई. मेला की आजारी आहे?" कॉम्प्युटरबद्दल तो असंच विचारायचा.

"आजारी. प्ले-पॉजचं बटण आपोआप दाबलं जातंय."

"चहा सांडला असेल."

"सांडायला आधी प्यायला वेळ मिळावा लागतो."

"मॅडमचाच कीबोर्ड ना अजून? अहो, पेन्शन द्या त्याला! एक साधा पाठवतो."

नवा कीबोर्ड अगदीच साधा होता. अक्षरं, आकडे, संपलं. वर गाण्याची, आवाजाची बटणंच नव्हती. ताईने आईच्या कीबोर्डची वायर गुंडाळली आणि तो कपाटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी...

आवाज थांबला.

पेंग्विनने फोनवरूनच एक कमांड लिहायला सांगितली. पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. कुठलंही बटण दाबलं की त्याचं नाव, दाबल्याची वेळ आणि सोडल्याची वेळ तिच्यात उमटायची.

"आता दोन्ही हात वर करा."

"पोलिसांसारखं काय बोलताय?"

"करा तर."

ताई हात वर करून बसली. मोबाइल टेबलावर, स्पीकर चालू. पाच सेकंद. दहा सेकंद.

"उमटलं," ती म्हणाली.

"काय?"

"प्ले-पॉज."

तो म्हणाला, "ताई... त्या कीबोर्डवर ते बटणच नाहीये."

"माहितीये. मी त्याच्याकडेच बघतेय."

तेवढ्यात आतून चमचा वाजला.

आधी बटण. मग चमचा. हा क्रम ताईच्या ध्यानात आला, पण खूप नंतर. त्या वेळी तिला फक्त एवढंच वाटलं की आणखी एकाला आपण हव्या आहोत.

बाबांची कूस बदलून ती परत आली, तोवर पेंग्विनला उपाय सुचला होता.

"कुठून येतंय ते मी शोधतो. तोवर त्या बटणाचं कामच काढून घेऊ. दाबलं गेलं तरी काही होणार नाही. थांबवायचं असलं तर तुम्ही माउसने थांबवा. ती काळी खिडकी मात्र चालू राहू दे, मला नोंद बघायचीय."

दोन मिनिटांचं काम होतं. सेटिंगमध्ये त्या बटणापुढे जे लिहिलं होतं, ते ताईने पुसून टाकलं.

हा बुधवार.

गुरुवारी तिने बाबांना जेवू घातलं, पाठीशी तीन उशा लावल्या, हातात चमचा दिला.

"बस जरा," बाबा म्हणाले.

"चार वाजता येते, बाबा. आज सगळं द्यायचंच आहे."

"बरं. कर तू काम."

दोन वाजता तिने हेडफोन चढवले. अडीच झाले. तीन झाले. आवाज एकदाही थांबला नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिचं काम सलग चाललं होतं. सव्वातीनच्या आसपास तिने मला मेसेज केला, 'झालं एकदाचं दुरुस्त!'

मी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

सव्वाचारला तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. रेकॉर्डिंग बंद करायचंही भान नव्हतं, इतकी पाठ भरून आली होती.

घर शांत होतं.

जरा जास्तच शांत...

चमचा पलंगाखाली पडला होता. बाबा उशांवरून घसरून पार आडवे झाले होते. हात गार पडायला लागले होते.

डॉक्टर म्हणाले, पाऊण तास झाला असेल, किंवा थोडं कमी.

मी त्याच रात्री पोचले. ताई कुणाशी बोलत नव्हती. कॉम्प्युटर तसाच चालू होता, तो बंद करायला म्हणून दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसले. पडद्यावर बाकी सगळ्याच्या मागे ती काळी खिडकी होती.

दुपारी तीन वाजून एकवीस मिनिटं. प्ले-पॉज. एकदा.

तीन बावीस. दोनदा.

मग दर दोन-तीन सेकंदांनी.

मग...

ओळींवर ओळी. मी खाली सरकवत राहिले, त्या संपेचनात. दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. प्रत्येक वेळी क्षणभरच, टायपिस्टच्या बोटांनी दाबावं तसं. मी मोजल्या. सहाशे चौदा.

शेवटची, तीन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी.

नोंद छापून तो कागद मी पेंग्विनला पाठवला. त्याने दोन दिवसांनी फोन केला. "सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड असणार," तो म्हणाला. मी विचारलं, कसली? तर म्हणाला, "मॅडम माझ्याशी फार चांगल्या वागायच्या हो." आणि फोन ठेवला.

ताईने त्या बटणाचं काम त्याला परत दिलं आहे. रोज दुपारी ती हेडफोन लावून बसते. काही थांबत नाही. "रागावली असेल का गं आई माझ्यावर?" असं तिने मला एकदाच विचारलं. मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

एक गोष्ट मात्र मी तिला नीट समजावून सांगितलेली नाही.

त्रेचाळीसनंतर नोंदीत अर्धा तास काहीच नाही. आणि मग आणखी एक ओळ आहे. चार वाजून सतरा मिनिटं. तेव्हा ताई बाबांच्या पलंगाशी होती आणि टेबलावरच्या हेडफोनमध्ये रेकॉर्डिंगमधला डॉक्टर अजून बोलत होता.

प्ले-पॉज. एकदाच.

ताई म्हणते, तीही आईच. मी मान डोलावते.

पण त्या ओळीत बटण दाबल्याच्या आणि सोडल्याच्या वेळेत अकरा सेकंदांचं अंतर आहे. आई कुठलंच बटण इतका वेळ धरून ठेवायची नाही.

बाबांना हातातला पेला सोडायलाही तेवढाच वेळ लागायचा...