दोन ओळींच्या मधली जागा

ताईचा आवाज मी कपड्यांच्या कपाटासमोर रेकॉर्ड करतो. कपाटाची दारं उघडी ठेवायची, मागच्या भिंतीला गादी टेकवायची, पंखा बंद करायचा. लटकलेले कोट आणि सदरे खोलीचा घुमारा शोषून घेतात. यात चमत्कार नाही, साधं भौतिकशास्त्र आहे. त्यातच पदवी घेऊन मी गिटार धरली, म्हणून आई म्हणते, "तू दोन्हीकडून गेलास."

गाणी मी लिहितो, ताई गाते. गाणी येशूचीच, पण लाकडी गिटार, पायाने दिलेला ठेका आणि रॉकची धग असलेली. चर्चच्या पाळकांनी एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे. उपासनेला जरा दणदणीत होईल."

"म्हणजे नको," ताईने बाहेर पडल्यावर अर्थ सांगितला.

मग घरीच, कोणाच्या आधाराशिवाय अल्बम करायचं ठरलं. पहिलं गाणं असं सुरू होतं:

तू दारावर थाप देतोस,
कडी माझ्या हाताला सापडत नाही.

ताईला लहानपणापासून दमा. दोन ओळींच्या मधे ती श्वास ओढायची तो माईकमध्ये कापड फाटल्यासारखा यायचा. लॅपटॉपवर आवाजाची रेघ दिसते: शब्दांचे डोंगर, त्यांच्यामधे श्वासांच्या टेकड्या. त्या टेकड्या मी एकेक निवडून कापल्या. थोडेफार श्वास सगळेच कापतात, पण काही राहू देतात. मी एकही ठेवला नाही. वर त्याच फाईलवर सेव्ह केलं, मूळ प्रत न ठेवता. या कामात याहून मोठा गाढवपणा नाही.

ताई खूश झाली. "काय स्वच्छ केलंस रे, शास्त्रज्ञ! अगदी देवदूत वाटतेय मी."

त्या रविवारी चर्चमध्ये तिने अख्खं कडवं एका दमात म्हटलं. घरी येताना जिना न थांबता चढली. आईने देवाचे आभार मानले. मीही मानले.

दुसरं गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा रेघेवर डोंगर होते आणि मधे सगळं सपाट. मी आवाज वाढवला. हँगरची कुरकुर ऐकू आली, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. ताईचा श्वास नव्हता. मी केबल बदलली, माईक बदलला. स्वतः गाऊन पाहिलं, तर माझे श्वास व्यवस्थित आले.

"ताई, जरा श्वास घेऊन दाखव."

"आता हे काय नवीन?"

"घे ना."

तिने खांदे उचलले. छाती तशीच राहिली. "कसा घेतात रे?" ती थट्टेत म्हणाली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं. "अरे, खरंच. कसा घेतात?"

मी तिच्या नाकाखाली हात धरला. बोलायला हवा लागते, हे मला माहीत आहे. ती बोलत होती आणि माझ्या हाताला काहीच लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची नखं निळसर दिसू लागली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, नळी झटकली, पुन्हा ऐकलं. "हा बदलायला हवा," ते म्हणाले, आणि आमच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

घरी आल्यावर ताई कपाटाला टेकून खाली बसली. "काहीतरी कर रे."

कापलेले तुकडे कुठेच उरले नव्हते. मग मी माईकसमोर बसून माझेच श्वास रेकॉर्ड केले आणि तिच्या ओळींच्या मधे एकेक बसवले. याला शास्त्रीय आधार नव्हता. दुसरं काही सुचत नव्हतं.

गाणं लावलं.

पहिली ओळ संपली. माझा श्वास वाजला.

ताईची छाती वर आली.

दुसरी ओळ. पुन्हा वर आली. नखांना रंग चढत होता.

मला "आई, बघ!" म्हणून ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण हवा आत येईना.

ताईने श्वास सोडला, तेव्हा मला मिळाला.

आता ती ठणठणीत आहे. गाणं लोकांना आवडलं, फार जिवंत वाटतं म्हणतात. जेवायला आम्ही समोरासमोर बसतो. तिच्या लयीत राहायला मी शिकलोय. तिला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ती माझ्यासाठी अर्ध्यावर थांबेल. मी तिला ओळखतो.

आज सकाळी ती पोहण्याच्या तलावावर नाव नोंदवून आली.

"आयुष्यभर दम्याने पाण्यात जाऊ दिलं नाही. आता पाण्याखाली किती टिकते ते बघायचंय," ती म्हणाली. "तू काठावर उभा राहून वेळ मोज, शास्त्रज्ञ. येशील ना?"

ती बोलत होती तोवर माझा श्वास चालू होता.

मग तिने भरपूर हवा आत घेतली आणि गाल फुगवून, डोळ्यांनी हसत, माझ्या उत्तराची वाट बघत थांबली.