धक्क्याची मात्रा

गिरिजा ढेबे घरात अनवाणी चालताना एका पायरीवरून उतरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. पायरी जेमतेम वीतभर उंच. बाई चौतीस वर्षांची, बारा वर्षं जावळीच्या डोंगरवाटांनी सायकलवरून औषधं पोचवणारी, एकदाही न पडलेली. त्या वर्षातली अशी मोडलेली ही एकशे दहावी मांडी होती.

मांड्या मोडलेल्या त्या सगळ्यांच्या सायकली डॉ. सुलक्षणा बेंद्रे यांच्या फ्रेमच्या होत्या. म्हणूनच सुलक्षणाबाई आज गिरिजाच्या खाटेशी येऊन बसल्या होत्या.

डोंगरी सायकलची फ्रेम दोन तुकड्यांची असते. मागचं चाक धरणारा तुकडा बिजागरीवर हलतो आणि मधली स्प्रिंग धक्का गिळते. बिजागरी बोटभर वर हवी की खाली, यावरून कारागिरांत वर्षानुवर्षं हमरीतुमरी चाले, कारण स्वाराला जमीन किती कळू द्यायची हे तिथेच ठरतं. थोडी कळू द्यावी, असं जुनी मंडळी म्हणत. सुलक्षणाबाईंना तो भाबडेपणा वाटे. त्यांनी ‘सरती बिजागरी’ काढली, म्हणजे समोरचा दगड आधीच ओळखून सेकंदाला हजार वेळा आपली जागा बदलणारी. स्वारापर्यंत पोचणारा धक्का शून्य! लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग तीच युक्ती बुटांच्या तळव्यांत गेली, शाळेच्या फरशांखाली गेली, आणि माणसाच्या पायाला जमीन लागेनाशी झाली.

“मी तर रोज राबत हुते, मॅडम,” गिरिजा म्हणाली. “मग हाड झिजलं कशानं?”

“धक्का बसला की हाडाला कळतं, इथे भर घालायची आहे. धक्काच नसेल तर शरीर असलेली भरही काढून घेतं. हे मला सुचायला हवं होतं, गिरिजाताई. सुचलं नाही.”

“माझं ऱ्हाऊ द्या. हिचं काय?”

सहा वर्षांची रेवू दारात उभी होती. जन्मापासून ती आईच्या सायकलवर आणि तसल्याच बुटांत वाढली होती.

सुलक्षणाबाईंनी एक छोटी सायकल आणली होती. तिच्या बिजागरीला बटण होतं, एक ते दहा आकड्यांचं. “ही मोजून धक्के देते. दिवसाला चाळीस. हाड भरतं ते वाढत्या वयात, त्यामुळे सुरुवात मुलांपासूनच करावी लागेल.”

“आधी कुणाला दिलं?”

“कुणालाच नाही.”

“एक आकडा तरी सोसंल का तिला?”

सुलक्षणाबाईंनी आयुष्यभर एकाच आकड्याचा ध्यास घेतला होता, शून्याचा. “माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “अशी हाडं आजवर कुणाची नव्हतीच.”

“आन् न्हाई दिलं तर?”

“तर तिचीही मोडतील. तुमच्यापेक्षा लवकर.”

“द्या मग,” गिरिजा लेकीकडे बघत म्हणाली. “पण तुमच्याच हातानं द्या. माझ्यानं व्हायचं न्हाई.”

अंगणात रेवू सीटवर बसली. बटण एकवर होतं. मागचं चाक एका दगडावरून गेलं आणि पोर किंचाळली. सुलक्षणाबाई धावल्या, तिचे दोन्ही पाय चाचपले. हाडं शाबूत होती.

“आई गं, मला जमिनीनं मारलं!” रेवू हुंदके देत म्हणाली.

खाटेवर गिरिजाने तोंड भिंतीकडे फिरवलं. सुलक्षणाबाईंनी पोरीचे डोळे पुसले आणि तिला पुन्हा सीटवर बसवलं. “अजून एकोणचाळीस, राणी,” त्या म्हणाल्या.